ओळख विचारायची नाही

बाईंकडे कामाला लागले त्या पहिल्याच दिवशी मी ओरडा खाल्ला. एक म्हातारे गृहस्थ मुलाचा हात धरून जिना चढून आले, आणि बघते तर आमच्या जोगेश्वरीच्या चाळीतले जुने शेजारी. मी आपली कौतुकानं पुढे झाले आणि म्हटलं, "काका, ओळखलंत का मला?" काका गोंधळले. आधी माझ्याकडे, मग मुलाकडे, मग स्वतःच्या चपलांकडे बघायला लागले. तेवढ्यात आतल्या टेबलावरून आवाज आला, "ए पोरी, इकडे ये आधी."

गेले. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "तू मास्तरीण आहेस का गं? मग परीक्षा कसली घेतेस? स्वतःचं नाव सांग, कुठे राहायचीस ते सांग, आणि पाणी दे त्यांना. ओळखायचं की नाही ते बघतील."

बाईंच्या ऑफिसात हा एवढा एक प्रश्न विचारायला बंदी होती. इतर काहीही विचारा. गुडघे कसे आहेत, जावयाशी का पटत नाही, संडासला साफ होते का, सगळं चालायचं. ओळखलंत का, हे चालायचं नाही. तेव्हा मला हा निव्वळ विक्षिप्तपणा वाटला होता. पण नंतर घरोघर फिरताना लक्षात आलं, आपल्याकडे म्हातारं माणूस विसरायला लागलं की येणारा प्रत्येक जण खाटेपाशी उभा राहून हेच करतो. "मावशी, सांगा बघू मी कोण?" मावशी घामाघूम. नाव आलं तर टाळ्या, नाही आलं तर सगळे एकमेकांकडे बघून मान हलवणार, आणि तेही मावशीच्या देखत. बाई म्हणायच्या, "रोज येऊन नापास करायचं आणि वर तक्रार, की हल्ली बोलतच नाही. कशाला बोलेल?"

बाई वकील होत्या. माणसाची बुद्धी थकायला लागली की त्याच्या वतीनं सह्या कोणी करायच्या, औषधपाण्याचं कोणी ठरवायचं, तो राहणार कुठे आणि कोणाकडे, यावरून घरात जी भांडणं लागतात, तेवढीच त्या चालवायच्या. मालाडला बाजाराच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीच्या वर त्यांचं ऑफिस. खाली चक्की सुरू झाली की वर टेबल थरथरायचं आणि फायलींवर पिठाचा पातळ थर बसायचा. कोर्टात आमचे कागद लांबून ओळखू यायचे. जागा बदला म्हणून मी किती डोकेफोड केली. त्या म्हणायच्या, "अगं, पत्ता सोपा आहे. गिरणीच्या वर. विसरभोळ्यांच्या वकिलाला असाच पत्ता पाहिजे."

माणूस तसा अवघड. बुटक्या, रुंद, केसांचा एवढासा अंबाडा, आणि कोर्टाच्या बाहेर पाऊल टाकलं की काळा कोट काढून पिशवीत कोंबायच्या, कारण म्हाताऱ्यांना तो बघून कोणीतरी गेलंय असं वाटतं. अशिलाच्या घरी जे पुढ्यात येईल ते खायच्या आणि आवडलं नाही तर तसं सांगायच्या. मूळच्या कणकवलीकडच्या, वडील गिरणी कामगार, आणि राग फार चढला की थेट मालवणीत शिरायच्या. तेव्हा समोर पक्षकार आहे की पोलीस, हे भान राहायचं नाही. मला त्यांचा कितीदा तरी संताप आला. आज बोरिवलीत माझं स्वतःचं ऑफिस आहे, बऱ्यापैकी चालतं, आणि रोज काहीतरी करताना कळतं की अरे, हे बाईंचं.

ज्याच्यावरून भांडण चाललंय त्या माणसाला बाई 'मालक' म्हणायच्या. दोन भाऊ येऊन तावातावानं बोलायला लागले, एकमेकांच्या बायकांवर घसरले, की बाई मधेच विचारायच्या, "मालक काय म्हणतात?" मालकांना कोणी विचारलेलंच नसायचं. मग बाई पिशवी उचलायच्या, "चला, मालकांना भेटू," आणि घरी पोचल्यावर मुलासुनांना खाली चहाला पिटाळायच्या.

मालकांना भेटण्याची त्यांची पद्धत मी दुसऱ्या कुठल्याच वकिलाकडे पाहिली नाही. त्या म्हणायच्या, "डॉक्टर तारीख विचारतात, वार विचारतात. मला स्वतःला कोर्टाचा बोर्ड बघितल्याशिवाय वार कळत नाही, मग मलाही कोणी पालक नेमा." त्यांचं म्हणणं एकच, माणसाला नाही म्हणता येतं का ते बघा. मुलुंडला एका निवृत्त मास्तरांकडे गेलो होतो. मुलगी सांगत होती, बाबांना काही समजत नाही, काही बोलत नाहीत. बाई सरळ जाऊन खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसल्या, जी मास्तरांची आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मास्तर पलंगावर. बाई बसल्या त्या बसल्याच. वर पंख्याचा वेग कमी केला, त्यांचं वर्तमानपत्र उलटंसुलटं केलं, बाहेरच्या झाडाला नावं ठेवली. मी ओशाळून भिंतीला टेकलेली. शेवटी मास्तर खाकरले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "उठा. ती माझी जागा आहे." बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी मास्तरांशी हातच मिळवला. "बघ," जिना उतरताना म्हणाल्या, "माणूस आहे जागेवर."

पण हेच एकदा अंगाशी आलं. एक आजोबा होते, ते घरात मदतीला माणूस ठेवायला ठाम नाही म्हणत होते. मुलगा म्हणत होता ठेवा, आणि बाई आजोबांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. आजोबांनी एका सकाळी दूध तापत ठेवलं आणि ते खाली बाकावर जाऊन बसले. माणसं वाचली, पण ओटा आणि वरचं कपाट जळून काळं ठिक्कर. बाई जाऊन बघून आल्या आणि आठवडाभर ऑफिसात कोणावर ओरडल्या नाहीत. आम्हाला त्याचीच भीती वाटली. त्यानंतर त्यांच्या प्रश्नांत एक भर पडली: गॅस कोण बंद करतं? 'नाही'चा मान ठेवायचा, पण गॅस कोण बंद करतं हे विचारूनच.

शैलाची केस यानंतरची. ती मी विसरणार नाही.

शैला वाकोल्याला राहायची. पन्नाशीला आलेली, लग्न न केलेली, मरोळच्या एका कारखान्यात पॅकिंगला. एका खोलीत ती आणि तिची आई. वडील जालन्याकडून मुंबईत आले, इथेच गेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली खाट, खाटेवर आई. आईची आठवण काही वर्षांपासून पुसत चाललेली. कल्याणला थोरला भाऊ, विलास, त्याचं म्हणणं आईला कर्जतच्या बाजूला वृद्धाश्रमात ठेवायचं. त्यानं कोर्टात अर्ज केला की मला आईचा कायदेशीर पालक नेमा. शैलानं उलट अर्ज केला, मला नेमा, आई घरीच राहू दे. निकाल कोणाच्या बाजूनं लागतो यावर आई कुठे राहणार हे ठरणार होतं, आणि आश्रमात गेली तर ती काही परत येणार नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

विलास काही खलनायक नव्हता. शैला कामावर असताना शेजारची बाई आईपाशी बसायची. एकदा ती दवाखान्यात गेली आणि शैलानं बाहेरून कुलूप लावून कामावर जायचं धाडस केलं. नेमका त्याच दिवशी विलास केळी घेऊन आईला भेटायला आला आणि दाराबाहेर उभ्या उभ्या आतलं रडणं ऐकत राहिला. पहिल्या तारखेला तो कोर्टाच्या व्हरांड्यात म्हणाला, "मॅडम, ती ना मला ओळखत, ना हिला. तिला काय फरक पडतो कुठे ठेवलं तर? निदान तिथे कोणीतरी लक्ष देईल."

बाई उसळल्या. "आवस आसा ती तुझी, कपाट न्हय, हयसून उचलून थय ठेवूक!"

सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. मग त्याच दमात शैलाकडे वळून म्हणाल्या, "आणि तू गं? कुलूप लावून जातेस? उद्या आग लागली तर काय वाट लागेल कळतंय का?" दोघं बहीणभाऊ माना खाली घालून उभे. बाईंनी फी घेतली होती शैलाकडून, पण ओरडताना वाटणी सारखी केली.

डॉक्टरांचा अहवाल आला. त्यात काही चुकीचं नव्हतं. आईला व्यवहार कळत नाहीत, तारीख, गाव, नातेवाईक काहीच सांगता येत नाहीत. विलासच्या वकिलानं तोच मुद्दा धरला. मुलीलाही ओळखत नसेल तर घर आणि आश्रम यांत तिच्या दृष्टीनं फरक काय? शैला पेटून उठली. "खोटं आहे! मला ओळखते ती. बाकी कोणाला नाही, पण मला ओळखते."

बाईंनी तिला ऑफिसात बसवलं. मी समोरच होते. बाईंना इतक्या हळू बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं. "शैला, ओळखते की नाही यावर आपली केस नाहीये. तो विषय काढूच नकोस. जज मॅडम आईंशी स्वतः बोलणार आहेत. तू तिला काहीही शिकवायचं नाहीस. कळलं?"

"हो मॅडम."

"काहीही म्हणजे काहीही नाही."

"हो म्हटलं ना."

जज मॅडमनी आईंना चेंबरमध्ये घेतलं. आईंना खुर्ची, दोन्ही वकील बाजूला, मी बाईंच्या मागे फाईल घेऊन, आणि शैला-विलास दाराजवळ, न बोलायच्या अटीवर. आईंनी धुतलेलं पांढरं लुगडं नेसलेलं, केस चोपून बसवलेले. जज मॅडमनी पाणी दिलं, नाव विचारलं. आई पाणी प्यायल्या. मग एकाएकी ताठ बसल्या, शाळेतल्या पोरीनं कविता म्हणावी तशा आवाजात म्हणाल्या, "ही माझी मुलगी शैला. मला हिच्याकडंच राहायचंय."

आणि बोट दाखवलं बाईंकडे.

विलासच्या वकिलानं खाली बघून हसू लपवलं. बाई आईंच्यापेक्षा जेमतेम दहा वर्षांनी लहान असतील. मी मागे वळून शैलाकडे पाहिलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. मला सगळं लख्ख कळलं. जेवण भरवताना, वेणी घालताना, निजवताना तिनं आईकडून ते घोकून घेतलं असणार. वाक्य पाठ झालं होतं, माणूस राहून गेला होता.

आता गप्प बसून काहीतरी सारवासारव करायची, हे कोणीही केलं असतं. मी केलं असतं. आई थकल्यात म्हणून पुढची तारीख मागितली असती. बाई उभ्या राहिल्या.

"मॅडम, हे शिकवलेलं आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याच बाजूनं शिकवलंय. मी नको म्हटलं होतं, तरी शिकवलंय. हे वाक्य तुम्ही धरू नका. आईंना मुलगी ओळखता येत नाही, हे मला मान्य आहे."

दाराजवळून हुंदका आला. इतके महिने जे शैलानं स्वतःपाशीही कबूल केलं नव्हतं, ते तिच्याच वकिलानं कोर्टापुढे कबूल करून टाकलं. मला त्या क्षणी बाईंचा राग आला, खरंच सांगते. केस गेली असं वाटलं.

"मग मी यांना काय विचारू?" जज मॅडमनी विचारलं.

"दिवस कसा जातो ते विचारा. त्या सांगतील. नाव सोडून सगळं सांगतील."

जज मॅडमनी पेन खाली ठेवलं. खुर्ची थोडी पुढे घेतली. "आजी, भूक लागली की काय करता?"

आईंचा ताठ कणा सैल झाला. "ती बाई देती की."

"कोण बाई?"

"हाय एक. भाकर दुधात कुस्करून देती. मला दात न्हाईत ना. दुसरं कुणी दिलं तर ठसका लागतो, तिच्या हातचं जातं." त्या जरा थांबल्या. "केस ओढत न्हाई विंचरताना."

"रात्री झोप लागते?"

"भ्या वाटतं कवाकवा. मग ती हात धरून निजती. चांगली हाय बिचारी. तिला कुणी न्हाई वाटतं."

शैला आवाज न करता रडत होती. विलासनं तिच्या खांद्यावर हात ठेवलेला मी पाहिला. तो स्वतः वर छताकडे बघत होता.

"एक माणूस केळी आणतो तुमच्यासाठी," जज मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या ओळखीची एक जागा आहे, तिथे बागबिग आहे, खूप बायका आहेत सोबतीला. तिथे राहाल का?"

"न्हाई." लगेच आलं, एकदम कडक. बाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पण त्यांची पाठ बघून मला कळलं, माणूस आहे जागेवर. "म्या न्हाई जायची. म्या त्या बाईकडंच बसनार. माझी पोरगी शाळेत गेलीय. ती सुटली की हितंच यील ना मला बघायला. म्या दुसरीकडं गेले तर तिला कसं कळायचं?"

जज मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग पेन उचललं.

आदेश त्याच दुपारी झाला. आई वाकोल्यालाच राहणार, शैला पालक. विलासला दर आठवड्याला भेटायची मुभा, आणि शैला कामावर असताना सोबतीला कायमचं माणूस ठेवायची जबाबदारी दोघांची मिळून. ते बाईंनीच मागून घेतलं होतं. गॅसचं त्यांनी विचारलंच, जज मॅडमना हसू आलं. विलासनं वाद घातला नाही. जाताना त्यानं आईच्या हातात पिशवी दिली आणि नेहमीची सवय म्हणून "आई, ओळख..." एवढं म्हटलं, मग थांबला आणि म्हणाला, "केळी आहेत. गोड आहेत." आई म्हणाल्या, "सुखी ऱ्हा बाबा."

टॅक्सीत आम्ही चौघी. मी पुढे, मागे खिडकीशी आई, मधे शैला, पलीकडे बाई. शैला बाईंशी बोलत नव्हती. जिंकली होती, पण जिंकताना काय ऐकावं लागलं ते तिच्या तोंडावर दिसत होतं. बाईंनीही समजूत वगैरे घातली नाही. त्यांना ते कधीच जमलं नाही. थोड्या वेळानं एवढंच म्हणाल्या, "तुझ्याकडेच राहायचं म्हणाली ती. कोणी न शिकवता."

शैलानं मान हलवली.

वाकोल्याच्या पुलाखाली आलो तशी आईंची चुळबुळ सुरू झाली. "शाळा सुटली आसंल. पोरगी उभी ऱ्हाईल दारात. गाडी थांबवा."

"आई, अगं मी..." शैला म्हणाली आणि तिथेच थांबली. मी आरशातून बघत होते. मग ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, डावीकडे घ्या. म्युनिसिपालटीच्या शाळेवरून."

शाळा खरंच सुटत होती. शैला तिथेच शिकलेली, इमारत मात्र नवी. आई उतरल्या आणि फाटकासमोरच्या कट्ट्यावर बसल्या. पोरी घोळक्यानं बाहेर पडत होत्या, आई एकेकीचा चेहरा बघत होत्या. ड्रायव्हर कुरकुरायला लागला, किती वेळ थांबायचं. बाई म्हणाल्या, "मालकीणबाई उठतील तेव्हा." त्या दिवशी संध्याकाळी त्यांचे दोन अशील मालाडला येऊन बसलेले. बाईंनी मला खुणेनं सांगितलं, फोन कर, उद्या बोलव.

घोळके विरळ झाले. वॉचमननं एक फाटक लावलं. शैला आईच्या बाजूला उभी होती, हातात केळ्यांची पिशवी. आईंनी वर तिच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता ओळखते की काय.

"तू जा गं घरी," आई म्हणाल्या. "कवाची उभी हाईस माझ्यासंगं. तुझी आई वाट बघत आसंल."

शैलानं बाईंकडे पाहिलं.

"नाही बघत," शैला म्हणाली. "तिला माहितीय मी कुठे आहे ते."

"मग बस की," आई म्हणाल्या, आणि कट्ट्यावर सरकून त्यांनी तिला जागा करून दिली.